कडा साफ आहेत

बेतायचं लांब टेबल भाऊने सकाळीच रिकामं केलं. कापडाची थानं भिंतीकडे सरकवली, खडूची भुकटी ओल्या फडक्याने पुसली आणि वर पांढरी चादर अंथरली. त्या टेबलावर आजवर कुणी जेवलं नव्हतं. आक्काने जेवू दिलं नसतं. पण आजचं जेवण आक्काच्याच नावाचं होतं आणि ती घरी नव्हती, म्हणून त्याचं एवढं धाडस झालं.

"तेलाचा एक थेंब पडला तर महिनाभर ऐकून घ्यावं लागेल," वहिनी म्हणाली. ती भाऊची बायको. पण कोटांच्या या दुकानात सगळेच तिला वहिनी म्हणत, तिची नणंद आक्कासुद्धा.

"ऐकेन की. महिनाभर बोलायला ती आहे, हे काय थोडं झालं?"

वहिनी ताटं पुसत राहिली.

काल दुपारी हॉस्पिटलातून फोन आला होता. भाऊनेच उचलला. पलीकडची मुलगी म्हणाली, "दुर्बिणीतून काढलेल्या तुकड्याचा रिपोर्ट आलाय. कडा साफ आहेत. बाकीचं डॉक्टर उद्या समोर बसून सांगतील." आधीचं सगळं भाऊने घरभर केलं. शेवटचं वाक्य कुणाला सांगितलं नाही. लपवलं म्हणावं तर तसंही नव्हतं, ते त्याच्या कानातून आत गेलंच नव्हतं. कोट शिवण्यात ज्याचा जन्म गेला त्याला 'कडा साफ' म्हणजे काम संपलं, एवढंच कळतं. डागाळलेलं अस्तर उसवायचं, डागाच्या बाहेरून कापायचं, कडेला डाग आला नाही ना ते उजेडात बघायचं, नवा तुकडा लावायचा आणि कोट गिऱ्हाइकाच्या हवाली करायचा. आक्काच्या अन्ननलिकेच्या अस्तरावर डाग होता. छातीत जळजळतं म्हणून दुर्बीण घातली आणि तो अवचित सापडला. कॅन्सर, पण अगदी सुरुवातीचा. डॉक्टरीणबाईंनी तोंडावाटेच तो सोलून काढला, बाहेरून एक टाका नाही. आता कडा साफ. मग राहिलं काय?

भाऊचा थोरला मुलगा सकाळच्या गाडीने आला होता. तो पाणीपुरवठ्याचे पंप दुरुस्त करायचा, म्हणून घरात त्याचं नाव पंपवाला. त्याने चादर अंथरलेलं टेबल पाहिलं आणि बूट दारातच काढले.

"बाबा, डॉक्टर स्वतः काय म्हणाल्या?"

"कडा साफ."

"ते त्या फोनवरच्या मुलीने सांगितलं. डॉक्टर?"

"तेच सांगायला बोलावलंय. गेलीये ना धाकटी तिच्याबरोबर. येतील आता." भाऊने खुर्ची ओढली. "आल्या आल्या तुझे प्रश्न सुरू करू नकोस. आधी पोटभर जेवू दे तिला."

पंपवाल्याने आईकडे पाहिलं. वहिनीने पुसलेलंच ताट पुन्हा पुसायला घेतलं.

*

धाकटी, भाऊची मुलगी, शहराच्या बसवर ड्रायव्हर होती. दुसऱ्याच्या बसमध्ये मागे बसायचं तिला कधी जमलं नाही. वळण आलं की पाय आपोआप ब्रेक शोधायचा. आज मात्र तिचं रस्त्याकडे लक्षच नव्हतं. आत्या खिडकीशी बसली होती आणि बाहेरच्या पाट्या वाचत असल्यासारखी मान हळूहळू वळवत होती.

डॉक्टरीणबाईंनी घाई केली नव्हती. कागदावर नळी काढली, तिचे थर काढले. म्हणाल्या, "तुकडा एकसंध निघाला. चारही कडा साफ, तळही साफ. तेवढं काम छान झालं. पण रोग अस्तरापुरता राहिलेला नाही. तो अस्तराच्या खालच्या थरात शिरलाय. अस्तरात राहिला असता तर मी तुम्हाला आज हसत घरी पाठवलं असतं. खालच्या थरात बारीक नळ्या असतात, त्या गाठींकडे जातात. तुमच्या तुकड्यातल्या अशा एका नळीत रोगाच्या पेशी दिसल्या."

"म्हणजे पसरलाय?" धाकटीने विचारलं होतं.

"पसरला असेल, नसेलही. स्कॅन साफ आहे, पण इतकं बारीक बी स्कॅनमध्ये दिसत नाही. अशा शंभर माणसांपैकी तीसेक जणांच्या गाठींत ते आधीच जाऊन बसलेलं असतं."

मग त्यांनी रस्ते सांगितले. ऑपरेशन करून अन्ननलिका आणि आजूबाजूच्या गाठी काढायच्या, पोटाची पिशवी वर ओढून तिची नळी करायची. गाठींच्या दृष्टीने हे सगळ्यांत खात्रीचं, पण शरीरावर सगळ्यांत जड. किंवा छातीवर किरण आणि सोबत औषधाच्या सलाईनी. किंवा काहीच न करता तपासत राहायचं. "तिसरं मी सुचवणार नाही. पण जबरदस्तीही करणार नाही. काय ते उद्यापर्यंत कळवा."

आत्याने एकच विचारलं. "ऑपरेशननंतर जेवायचं कसं?"

"सुरुवातीला काही आठवडे पोटाला लावलेल्या नळीतून."

तिथेच आत्याचा चेहरा मिटला. धाकटीला ते लगेच कळलं. आजीचं शेवटचं वर्ष त्या घराने नळीवर काढलं होतं. आत्यानेच ती नळी धुतली, भरली, रात्री-अपरात्री तुंबली की मोकळी केली.

"धाकटे," आत्या आता खिडकीकडे बघतच म्हणाली, "घरी काय सांगायचं ठरलंय ना?"

"ठरलं कुठे? तू ठरवलंस."

"कडा साफ आहेत. खोटं नाही त्यात."

"आत्या, माझ्या बसचे दिवे लागतात, हेही खोटं नसतं. ब्रेक लागत नाही हे मी सांगितलं नाही तर?"

"सत्तर जणांना काही होत नाही. ऐकलंस ना?"

"तीसही ऐकले."

"तुझा बाप दोन दिवस झोपला नव्हता. काल झोपला. मी घोरणं ऐकलं त्याचं." आत्याने पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. "मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही. गप्प बस एवढंच मागतेय."

धाकटीने मान हलवली. ती होकाराची होती की नाही, हे तिचं तिलाही कळलं नाही. आत्याने होकारच धरला.

*

जेवायला बसले. आक्काने चादरीकडे पाहिलं, भाऊकडे पाहिलं, आणि काही बोलली नाही. तिथेच वहिनीला खटकलं. या टेबलावर पाण्याचा पेला ठेवला म्हणून आक्काने एकदा एका पाहुण्याला उठवलं होतं.

"मग, काय म्हणाल्या बाई?" भाऊने विचारलं.

"कडा साफ आहेत," आक्का म्हणाली.

"बघ," भाऊ मुलाला म्हणाला. "तुला समोरून ऐकायचं होतं ना?"

पंपवाला धाकटीकडे वळला. "तू होतीस ना आत?"

"होते."

"मग?"

"भात दे इकडे," धाकटी म्हणाली.

भाऊ रंगात आला होता. त्याने मागच्या खुंटीवरचा एक अर्धवट कोट काढला आणि ताटांवरून हात लांब करून उलटा धरला. "हे बघ, तुला पंपाच्या भाषेत नाही कळणार, कोटाच्या भाषेत सांगतो. हे अस्तर. इथे डाग. एवढा भाग उसवून काढला. कडेला डाग नाही. खालचं कापड शाबूत. झालं काम. हो की नाही, आक्का?"

"हो."

"कोट खाली ठेव, आमटीत जाईल," धाकटी म्हणाली.

वहिनीने त्या कोटाकडे पाहिलं. आक्का बेतायची, भाऊ कापड भिजवायचा आणि मशीनवर बसायचा. वहिनीचं काम या दोघांच्या मधलं. अस्तर आणि कापड यांच्यामध्ये जो कॅनव्हास असतो, तो हाताने टाचायचा. गिऱ्हाइकाला तो कधी दिसत नाही. कोटाला छाती त्याच्यामुळे असते, एवढं मात्र गिऱ्हाईक अंगात घातल्यावर जाणतं.

"आणि मधलं?" तिने विचारलं.

"काय मधलं?"

"कॅनव्हास. अस्तरावर तेल सांडलं तर तो आधी पितो. वर डाग दिसत नाही, कापडावरही दिसत नाही. इस्त्री फिरली की मग बाहेर येतो." ती आक्काला म्हणाली, "अस्तराच्या खाली काय आहे, ते काही बोलल्या का बाई?"

आक्काचा घास हातातच राहिला. "खाली ठीक आहे."

वहिनी तिच्याकडे बघत नव्हती. ती आपल्या मुलीकडे बघत होती. ही पोर लहानपणी खोटं बोलताना ताटातले दाणे वेगळे करत बसायची. आत्ताही भाताची शितं एकेक करून ताटाच्या काठाला लावत होती.

"धाकटे."

"आई, मला नको विचारूस."

"मग विचारतेच."

धाकटीने ताट पुढे सरकवलं. "आत्या, माझ्याने होणार नाही. तू नंतर काय बोलायचं ते बोल." मग ती सगळं बोलली. खालचा थर, नळीतल्या पेशी, शंभरातले तीस, तिन्ही रस्ते. बसच्या थांब्यांची नावं सांगावीत तशी, एकामागून एक, आवाज न चढवता. भाऊच्या हातात तो कोट शेवटपर्यंत तसाच होता.

*

सगळे एकदम बोलायला लागले. आक्का मध्ये बसून ऐकत होती. तिला वाटलं होतं, राग येईल. तो आलाच नाही. खूप लांब चालून आल्यावर पिशवी खाली ठेवावी तसं काहीतरी झालं, आणि त्याचीच तिला चीड आली.

"ऑपरेशन," पंपवाला म्हणाला. "यात विचार कसला करायचा? पाइप गंजला तर आम्ही तेवढ्यापुरता ठिगळ लावत नाही. सबंध तुकडा बदलतो, जोडसुद्धा बदलतो."

"आत्या म्हणजे पाण्याची लाईन नाही," धाकटी म्हणाली.

"मग काय करायचं? बसून बघायचं?"

"आजी नळीवर होती तेव्हा तू कुठे होतास? सणावाराला यायचास, बिस्किटं आणायचास आणि संध्याकाळच्या गाडीने जायचास."

"ते आत्ता काढू नकोस."

"आत्ताच काढणार. आत्याला ऑपरेशन का नको, ते तुला ठाऊक नाही म्हणून काढतेय."

पंपवाल्याने जरा खालच्या आवाजात विचारलं, "नळी किती दिवस?"

"काही आठवडे. नंतर थोडं थोडं, दिवसातून सहा-सात वेळा खायचं. रात्री उशा लावून अर्धवट बसून झोपायचं. आवाज बसू शकतो. आणि ऑपरेशन सगळ्यांनाच झेपतं असं नाही, हेही बाईंनी सांगितलं."

तो खुर्चीत मागे टेकला. आता त्याचा जोर ओसरलेला आक्काने पाहिला. एक शत्रू कमी झाला, असं तिच्या मनात आलं, आणि मग तिला या विचाराची लाज वाटली.

तेवढ्यात भाऊ उठला. "मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?"

"ते मी बघितलं असतं. मी काल सगळ्या गल्लीला सांगून आलो. कडा साफ, कडा साफ. पेढ्यांची पाकिटं तेवढी वाटायची राहिली."

"तुला झोप लागली होती, भाऊ."

"माझी झोप तू कशाला सांभाळतेस? मी काय पाळण्यात आहे?" त्याने हातातला कोट खुर्चीवर टाकला. "तू ऑपरेशन कर. मी हातापाया पडून सांगतो. नळी मी धुईन. आईच्या वेळेला मी धुतली नाही, तुझी धुईन."

"सकाळी जेवू दे म्हणत होतास, आता कापा म्हणतोस," वहिनी म्हणाली. "तिला कुणी विचारलं का, तिला काय हवंय?"

सगळे आक्काकडे वळले. विचारलं जाणं इतकं जड असतं, हे तिला ठाऊक नव्हतं. या घरात विचारायचं काम तिचं होतं.

"मला काही नकोय," ती म्हणाली. "तपासत राहीन. सत्तर जणांत मी असेन. नसले तर नसले. शंभरातल्या सत्तर जणांना उगाच कापायचं, भाजायचं, ते कशासाठी? त्यांना तर काही झालेलंच नसतं."

आक्काला वाटलं, संपलं. ती उठायला लागली.

"शंभर थानांतली किती आटतात?" भाऊने विचारलं.

"काय?"

"लोकरीची थानं. मी इतकी वर्षं भिजवतोय, वाळवतोय, मग तुझ्यापुढे टाकतोय. धुतल्यावर आटेल असं कापड शंभरात किती निघतं?"

"निघतं दहा-पंधरा."

"म्हणजे पंच्याऐंशी मी फुकट भिजवली. पाठ मोडली माझी हौदावर. कोरडं कापड हातात घेऊन सांगता येतं, हे आटेल म्हणून?"

"नाही येत."

"कधी एक तरी थान कोरडं कापलंस? घाई होती, गिऱ्हाईक दारात उभं होतं, तेव्हा तरी? तो बँडवाल्यांच्या कोटांचा वखत आठव. मी म्हणालो, चांगल्या गिरणीचं आहे, राहू दे. तू ते कापड माझ्या अंगावर फेकलंस. म्हणालीस, 'आटलेलं आटल्यावर कळून काय उपयोग, तोवर कोट शिवून झालेला असतो.'"

आक्का अर्धवट उठली होती ती तशीच राहिली.

"माणूस म्हणजे कापड नव्हे," ती म्हणाली.

"नव्हेच. मघाशी मी कोट दाखवला तो चुकलाच. हे चुकतंय का, ते सांग."

तिने खूप शोधलं. बेतताना एखादा कापडाचा तुकडा कमी पडतो तेव्हा ती अशीच डोळे बारीक करून बघायची, तिरका निघतो का, जोड देऊन निघतो का. निघेना. शंभरातली सत्तर आणि तीस तिने बसमध्ये इतक्यांदा उलटीसुलटी केली होती, पण नेहमी सत्तरच्याच बाजूने. आपण तिसांत आहोत हे कळतं तेव्हा मागे फिरता येत नाही, हे तिने मनात येऊच दिलं नव्हतं.

"नळी नको," ती शेवटी म्हणाली. "आईसारखं नको. ते मला जमणार नाही, भाऊ. तू कितीही धुतलीस तरी."

"मग किरण," धाकटी हळूच म्हणाली. "बाई म्हणाल्या होत्या, तुझं वय बघता तोही चांगला रस्ता आहे. ऑपरेशनइतका खात्रीचा नसेल. पण काहीच न करण्यासारखाही नाही."

"त्यात काय होतं?" वहिनीने विचारलं.

"रोज जायचं, काही आठवडे. घसा जळतो, गिळताना दुखतं, थकवा येतो. बहुतेकांचं हळूहळू कमी होतं."

"ऑपरेशनच बरं," भाऊ म्हणाला.

"बाबा."

"मी माझं मत सांगितलं."

"मतं खूप झाली," आक्का म्हणाली. ती पूर्ण उठली, टेबलाला वळसा घालून भिंतीपाशी गेली आणि दुकानाचा फोन उचलला. नंबर धाकटीने सांगितला. पलीकडे कालचीच मुलगी होती.

"काल तुम्ही फोन केला होतात, कडा साफ म्हणून. ती पेशंट मीच. डॉक्टरांना सांगा, मी किरण घेते. ऑपरेशन नको, पण घरी बसून वाटही बघत नाही."

"ठीक आहे. लिहून घेते."

मागे आवाज वाढले होते. रोज आत्याला कोण नेणार यावरून धाकटीची सकाळपाळी आणि पंपवाल्याची रजा यांची झटापट चालली होती. वहिनी सांगत होती, मी बसने नेईन, आणि भाऊ तिला सांगत होता की तिला बस लागते, पहिल्या वळणावर ओकेल, मग पेशंट कोण आणि कुणी कुणाला धरायचं. कोटाच्या ऑर्डरीचं काय, हेही कुणीतरी काढलं आणि कुणीतरी त्याला गप्प केलं.

"एक विचारू?" फोनवरची मुलगी म्हणाली. "मोठा निर्णय आहे. घरच्यांशी बोलून घेतलंत ना?"

आक्काने फोन कानापासून लांब केला, खोलीच्या दिशेने धरला, आणि पुन्हा कानाला लावला.

"ऐकू येतंय?"

"हो," मुलगी हसत होती. "येतंय."

"अजून घ्यायचं का बोलून?"

"नको नको. उद्या सकाळी या. छातीवर खुणा करायच्या आहेत, किरण नेमके कुठे द्यायचे त्याच्या."

आक्काने फोन ठेवला. कुणाचं तिच्याकडे लक्ष गेलं नव्हतं. तिला एकदम खूप भीती वाटली. ती भिंतीकडच्या थानांवर टेकून बसली. भांडण थांबवायला तिने हात वर केला होता. तो तिने खाली घेतला आणि मांडीवर ठेवला. बोलू देत, तिला वाटलं. ते थांबले की सगळे आपल्याकडे बघतील, आणि इतक्यात तरी तिला कुणी बघायला नको होतं.